सोलापुरात प्रायोजित रॉक शोकेस : पाच बँड, एक स्टेज आणि दहाचा ठोका

विजापूरवेस
शहरात पाच नव्या बँडचं प्रायोजित शोकेस ठरतंय. प्रायोजक दोन, एक टॉवेल कारखानदार आणि एक दुचाकीविक्रेता. सभागृह बंदिस्त, नाटकासाठी बांधलेलं, साधारण सहाशे खुर्च्यांचं. मैदानाचा विचार झाला होता, पण जानेवारीत होम मैदानावर गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा) असतो, आणि एप्रिल-मे मध्ये दुपारी चाळीसच्या वर तापलेल्या पत्र्याखाली साऊंड चेक करायला कोण येणार?

अडचण अशी की आपल्याकडच्या साऊंडवाल्यांना ऑर्केस्ट्रा, लग्न आणि मिरवणूक तोंडपाठ आहे, बँडवाल्यांना आपली सरावाची खोली. मधला धागा कुणाच्याच हातात नसतो. तो इथं जुळवू या. ज्याला जे नीट माहीत आहे तेवढंच लिहा. "आमच्या काळी" नको.

आधी वेळेचा हिशोब मांडतो. पाच बँड, प्रत्येकी २५ मिनिटं म्हणजे १२५. चार बदल, प्रत्येकी १५ म्हणजे ६०. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रायोजकांचे दोन शब्द २० मिनिटांत आटोपले असं धरू (धरायला काय जातंय). एकूण २०५ मिनिटं, म्हणजे तीन तास पंचवीस. सहाला सुरू झालं तर ९:२५ ला संपतं. सातला सुरू केलं की १०:२५, आणि रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायची वेळ आली तर तेव्हा स्टेजवर शेवटचा बँड असतो, ज्याला बघायला निम्मं पब्लिक आलेलं असतं. पत्रिकेवर साडेपाच छापा, सहाला पहिला ठोका पाडा.

फेडर_खाली
हिशोब बरोबर आहे, फक्त १५ मिनिटांचा बदल आपोआप होत नाही. तो दुपारीच कमवावा लागतो.

पहिली गोष्ट, पाचही बँडसाठी मिक्सरवर एकच पॅच (कुठलं वाद्य कुठल्या चॅनेलवर ती मांडणी). कुणाकडे कीबोर्ड नसेल तर ते चॅनेल रिकामं राहील, पण बेस कायम आठलाच. माझ्या मते १६ चॅनेल पुरतात:

१ किक, २ स्नेअर, ३ हाय-हॅट, ४ टॉम, ५ फ्लोअर टॉम, ६-७ ओव्हरहेड, ८ बेस डीआय (वाद्याचा सिग्नल थेट मिक्सरला देणारी डबी), ९ डावी गिटार, १० उजवी गिटार, ११-१२ कीबोर्ड, १३ मुख्य गायक, १४-१५ साथीचे आवाज, १६ लॅपटॉपचा ट्रॅक.

निवेदकाचा वायरलेस माईक सतराव्या चॅनेलवर, आणि तो कुठल्याही सीनमध्ये (मिक्सरवर साठवलेल्या सेटिंगमध्ये) म्यूट होणार नाही असा बाहेर काढून ठेवायचा. नाहीतर सीन बदलला की प्रायोजकाचं नाव घेताना निवेदकाचे नुसते ओठ हलताना दिसतात.

दुसरी गोष्ट, साऊंड चेक उलट्या क्रमाने. शेवटी वाजवणारा बँड आधी, पहिला वाजवणारा सगळ्यात शेवटी. म्हणजे पडदा उघडताना स्टेज पहिल्या बँडसाठीच लावलेलं असतं. एकेका बँडला अर्धा तास धरला तर अडीच तास. एक वाजता सुरू करून साडेतीनला मोकळे. त्यासाठी सिस्टिम सकाळी अकराला उभी पाहिजे, म्हणून सभागृह संध्याकाळपुरतं नाही तर दिवसभराचं घ्या. डिजिटल मिक्सर असेल (एक्स३२, एम३२ वगैरे) तर प्रत्येक चेकनंतर सीन साठवायचा आणि बँडच्या नावाने नाही, क्रमांकाने. ऐनवेळी क्रम बदलला तरी गोंधळ होत नाही.

आता बदलाची १५ मिनिटं:
पहिली ३ : जाणारा बँड आपलं सामान पुढून नाही, बाजूने बाहेर. वायर गुंडाळत बसायचं नाही, विंगेत जाऊन गुंडाळा.
पुढची ५ : नवे पेडलबोर्ड, सिंबल, स्नेअर जागेवर.
पुढची ४ : लाइन चेक. एकेक वाद्य दहा सेकंद. "अजून थोडं वाजवू का" नाही.
शेवटची ३ : मॉनिटर (वाजवणाऱ्यांना ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे तोंड केलेले स्पीकर). गायकाने फक्त दोन मागण्या करायच्या.

याच वेळात मागच्या भिंतीवर प्रायोजकाची फिल्म चालू द्या. तिचा आवाज बाहेर, आपली लाइन चेक हेडफोनवर. पब्लिकला किकचं धाप धाप ऐकवायचं कारण नाही. फिल्म दोन-तीन मिनिटांची असते, ती तीनदा लावली तरी प्रायोजक खूशच होतो.

चामडी_आणि_काठी
ड्रमबद्दल. किट एकच, सगळ्यांना सामाईक. पण स्नेअर, सिंबल आणि किक पेडल ज्याचं त्याने आणायचं. या तीन गोष्टी मोडतात किंवा बिघडतात, आणि मग भांडणं होतात. सीटची उंची प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे दांडीवर रंगीत टेपने खूण करा: पहिल्या बँडची लाल, दुसऱ्याची पिवळी, असं. टॉम आणि सिंबल स्टँडच्या पायांच्या खुणाही जाजमावर त्याच रंगाने.

जाजम म्हटलं कारण दर वेळी कुणीतरी किटखाली सोलापुरी चादर अंथरतं. फोटोला झकास दिसते, पण पॉलिश केलेल्या लाकडी स्टेजवर चादर सरकते. तिसऱ्या गाण्यापर्यंत किक एक वीतभर पुढे गेलेली असते आणि ड्रमर पाय लांब करून वाजवत असतो. किमान सहा बाय सहा फुटांचं, खाली रबर असलेलं कार्पेट घ्या, किंवा जाड जाजम चारही बाजूंनी टेपने चिकटवा. किकच्या पुढे लाकडी पट्टी असेल तर उत्तम.

टॉवेल मात्र कामाचा. एक मोठा टेरी टॉवेल चार घड्या करून किकच्या आत, ज्या कातडीवर पेडल आपटतं तिला जेमतेम टेकेल असा. पूर्ण दाबून भरला की किक पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी वाजते. प्रायोजक टॉवेलवालाच आहे म्हणता, दोन मागून घ्या.

विजापूरवेस
चादरीचा मुद्दा घेतला. आणखी एक सूचना आली होती : सभागृहाच्या मागच्या भिंतीवर चादरी टांगू, आवाज घुमणार नाही. सजावटही होईल.

फेडर_खाली
सजावट होईल, घुमणं थांबणार नाही. चादर पातळ असते, ती वरचा आवाज शोषते, म्हणजे सिंबलची धार जाते. घुमतो तो खालचा, शंभर-दोनशे हर्ट्झचा, आणि तो चादरीतून आरपार जातो. उलट हॉल आणखी ढब्ब वाटायला लागतो. घुमणं कमी करायचं असेल तर सब (खालच्या आवाजाचे मोठे स्पीकर) कमी वाजवा, गायकाच्या चॅनेलला १०० हर्ट्झच्या खाली कट द्या, आणि स्टेजवरच्या अँपचा आवाज उतरवा. नाटकाच्या स्टेजला मागे-बाजूला पडदे असतातच, ते पूर्ण ओढून घ्या.

काळी_दोन
अँप उतरवा म्हटलं की गिटारवाले चिडतात, म्हणून कारण सांगतो. बंद खोलीतल्या जोरदार ड्रमचाच आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. त्यावर शंभर वॅटचा ट्यूब अँप चढवला की गायकाच्या माईकमध्ये गायकापेक्षा गिटार जास्त शिरते. मग गायकाला वर करायला जाल तर शिट्टी. सहाशेच्या हॉलला १५-२० वॅटचा अँप पुरून उरतो, माईक लावलेला असतोच ना? अँप खुर्चीवर ठेवा, मागे रेलून, तोंड वाजवणाऱ्याच्या कानाकडे. जमिनीवर ठेवलेला अँप पोटऱ्यांना ऐकू येतो, कानाला नाही, म्हणून लोक आवाज वाढवत जातात.

आणि गायकांनी माईकची जाळी मुठीत धरू नये. पोस्टरवर रुबाबदार दिसतं, पण त्या माईकचा मागचा भाग मोकळा असतो म्हणून तो मागून येणारा आवाज टाळतो. तो झाकला की माईक सगळीकडून ऐकायला लागतो, मॉनिटरसकट. एसएम५८ माईकला मॉनिटर बरोबर मागे, समोरासमोर. बीटा ५८ सारखा सुपरकार्डिऑइड असेल तर मॉनिटर थोडा बाजूला, कारण त्याची बहिरी जागा ऐन मागे नसते.

अवांतर : भजन-सुगम करून आलेला गायक "मला काळी दोन द्या" म्हणतो आणि गिटारवाला बावरतो. काळी दोन म्हणजे ई फ्लॅट. सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवा, खुली सहावी तार काळी दोनवरच येते, आणि बोटं नेहमीच्या जागी राहतात. फक्त बेसवाल्यालाही सांगा.

डायरेक्ट_लाइन
अँप आणताच कशाला? मॉडेलर पेडलमधून (अँपच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या) थेट डीआयला, डीआयमधून मिक्सरला. स्टेज शांत, बदल पाच मिनिटांत.

काळी_दोन
पाचही बँडकडे चांगला मॉडेलर असेल तर मान्य. अर्ध्यांकडे साधं डिस्टॉर्शन पेडल असतं आणि ते कॅबिनेट सिम्युलेशनशिवाय (अँपच्या स्पीकरच्या नकलेशिवाय) थेट लावलं की डबड्यात माशी अडकल्यासारखं वाजतं. शिवाय मॉनिटर दोनच असले तर ड्रमरला गिटार ऐकूच येत नाही. मिश्र ठेवा : एक बरा अँप सामाईक, ज्याला डायरेक्ट जायचं त्याने जावं.

न्यूट्रल_सांभाळ
सगळे आवाजावर बोलताय, विजेवर कुणीच नाही. तिथंच घात होतो.

प्रायोजक आला की एलईडी वॉल येते. तिच्यात डझनावारी स्विचिंग सप्लाय असतात आणि प्रत्येकाच्या फिल्टरमधून थोडा थोडा करंट अर्थिंगमध्ये गळतो. अर्थिंग चांगलं असेल तर काही होत नाही. अर्थिंगचा खिळा कोरड्या मातीत नुसता खोचलेला असेल (आपल्याकडं माती कोरडीच असते की) तर त्या साखळीतल्या सगळ्या धातूवर शंभरेक व्होल्ट तरंगत राहतात. गिटारच्या तारा एका अर्थिंगवर, माईक दुसऱ्या अर्थिंगवर, आणि गायक-गिटारवादकाचे ओठ जाळीला लागले की चटका. कधी नुसता चटका, कधी त्याहून वाईट.

तपासणी पाच मिनिटांची, साधा मल्टिमीटर घ्या, एसी व्होल्टवर:
फेज-न्यूट्रल सुमारे २३०. फेज-अर्थ जवळपास तेवढंच. ते बरंच कमी आलं, १५०-१८० वगैरे, तर अर्थिंग बिघडलंय. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. मग सगळं चालू करून, एलईडी वॉलसकट, एक टोक गिटारच्या तारेला आणि दुसरं माईकच्या जाळीला. इथं शून्याच्या जवळच पाहिजे. पाच-दहा व्होल्ट जरी दिसले तरी कुणीही माईकजवळ जायचं नाही, आधी इलेक्ट्रिशियन.

वाटणी अशी ठेवा : एका फेजवर लाइट, एकावर एलईडी वॉल, तिसऱ्यावर साऊंड आणि स्टेजवरची सगळी वाद्यं. वाद्यांना मिक्सरच्याच डिस्ट्रिब्युशनमधून वीज. विंगेतल्या भिंतीवरच्या सॉकेटमधून गिटार अँप लावला की मिक्सर एका अर्थवर, अँप दुसऱ्यावर, आणि मधे पन्नास हर्ट्झची गुणगुण.

न्यूट्रलची वायर फेजइतकीच जाड. या स्विचिंग सप्लायमुळे न्यूट्रलमधला करंट कमी होत नाही, उलट साठतो. आणि जनरेटरवर न्यूट्रल सुटला तर २३० च्या जागी ४०० पर्यंत व्होल्ट कुणाच्या तरी कीबोर्डला मिळतात. जनरेटर चालू केल्यावर आधी मीटर, मग बल्ब, मग मिक्सर. या क्रमात घाई नको.

एक गोष्ट हात जोडून : गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कापू नका. डीआयवर "ग्राउंड लिफ्ट"चं बटण असतं, ते त्यासाठीच असतं. ते सिग्नलची शील्ड तोडतं, माणसाचं संरक्षण नाही.

टेप_घेऊन_फिरणारा
+१. धागा साठवून ठेवला.

डायरेक्ट_लाइन
गिटारमध्ये घरघर येत असेल तर कारण कसं ओळखायचं?

न्यूट्रल_सांभाळ
गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. घरघर तशीच राहिली तर ती गिटारच्या पुढची आहे : वायर, पेडल, सप्लाय. गेली तर गिटारमधून येतेय. मग व्हॉल्यूम चढवून जागेवरच गोल फिरा. फिरताना कमी-जास्त झाली तर गिटारचा पिकअप (तारांखालचं चुंबकाचं गुंडाळं) एलईडी वॉलचं किंवा डिमरचं चुंबकीय क्षेत्र पकडतोय. सिंगल कॉइल पिकअपवाल्यांना हे हमखास होतं. वॉलपासून निदान दहा फूट पुढे या, अंग थोडं तिरपं करून उभे राहा, जिथं सगळ्यात शांत आहे तिथं पायाखाली टेप लावा. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर आतलं शील्डिंग बघा.

पेडलबोर्डच्या सगळ्या पेडलना एका स्वस्त अडॅप्टरवर साखळी लावली असेल तर डिजिटल पेडलची शिट्टी डिस्टॉर्शनमध्ये शिरते. डिजिटलला वेगळा सप्लाय.

विजापूरवेस
आता परवानगी. दहाचं बंधन बंदिस्त सभागृहालाही आहे का? दोन वेगवेगळी उत्तरं मिळाली.

हिशोबनीस
ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. पण त्याच नियमात सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आतल्या आत ऐकवण्यापुरती सूट आहे. म्हणून दोन्ही उत्तरं अर्धी बरोबर. ग्यानबाची मेख अशी की दार उघडं राहिलं, बेस बाहेर गेला, शेजाऱ्याने फोन केला, की "आतल्या आत" हा बचाव संपतो. शिवाय परवानगीच्या कागदावर जी वेळ लिहिली असेल ती पाळायचीच. वर्षातले जे जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत मोकळीक मिळते ते सण-उत्सवांत जातात, त्यावर डोळा ठेवू नका.

उद्या मैदानावर करायचं ठरलं तर दोन आकडे लक्षात ठेवा : सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी ते. आणि रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीचे किमान १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेले असू शकतात, ते आधी बघा. अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे, सोबत सभागृहाची पावती आणि कार्यक्रमाची वेळपत्रिका.

आता बँडवाले ज्याकडे कधीच बघत नाहीत ते कागद. चार गोष्टी.

एक, गाण्यांचा हक्क. प्रायोजकाच्या कागदात "सर्व हक्क प्रायोजकाकडे" असं एक वाक्य हमखास असतं, बहुतेकदा कुठल्यातरी जाहिरातीच्या करारातून उचललेलं. ते खोडा. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे हक्क हस्तांतरण लेखीच लागतं, तोंडी चालत नाही, म्हणजेच सही केलीत तर मात्र चालतं. कालावधी लिहिला नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. त्याऐवजी एवढंच द्या : "कार्यक्रमाच्या प्रसिद्धीसाठी ६० सेकंदांपर्यंतचे तुकडे, एक वर्ष." प्रायोजकाला खरं तर तेवढंच हवं असतं.

दोन, दुसऱ्यांची गाणी. कव्हर वाजवणार असाल तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) परवाना बघावा लागतो, आणि तो आयोजकाने काढायचा हे करारात लिहून घ्या. पीपीएल ही वेगळी संस्था, ती ध्वनिमुद्रित गाण्यांसाठी. मधल्या वेळात सिनेमाची गाणी लावणार असाल तर तिचा विषय येतो.

तीन, पैसे. बँडच्या नावाचा चेक घेऊ नका, त्या नावाचं खातं नसेल तर तो वटणार कुठं? प्रत्येकाने आपापलं बिल द्यावं. कंपनी बहुधा १० टक्के टीडीएस कापते, पॅन दिला नाही तर २० टक्के. एकाच्याच नावावर सगळी रक्कम घेतली तर सगळं उत्पन्न त्याच्या डोक्यावर दिसतं आणि बाकीचे तिघे-चौघे नामानिराळे. कापलेला टीडीएस विवरणपत्र भरून मागता येतो, पोरं ते विसरतात.

चार, प्रायोजक कोण. तंबाखूच्या ब्रँडचा पैसा घेता येत नाही, २००३ च्या कायद्याने तसलं प्रायोजकत्व बंद आहे. गंमत अशी की भारतात बँडना प्रायोजित स्टेज मिळालं ते याच मार्गाने : सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची सिमला बीट स्पर्धा एका सिगरेटच्या नावाने भरायची, आणि १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांमधल्या बँडच्या तबकड्या निघाल्या म्हणून ते बँड आज ऐकायला तरी मिळतात.

काळी_दोन
शेवटचं वाक्य महत्त्वाचं. मोमेंटो आणि शाल प्रायोजक देतोच. त्याऐवजी मल्टिट्रॅक (प्रत्येक चॅनेलचं वेगळं रेकॉर्डिंग) मागा. एक्स३२ यूएसबीवरून ३२ चॅनेल वेगवेगळे लॅपटॉपवर देतो. २५ मिनिटांचे १६ ट्रॅक, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, साधारण साडेतीन जीबी. पाचही बँड मिळून एका ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये आरामात बसतात. फक्त रेकॉर्डिंगचा लॅपटॉप आणि बॅकिंग ट्रॅकचा लॅपटॉप एकच ठेवू नका.

फेडर_खाली
आणि पेनड्राइव्हवर थेट रेकॉर्ड करू नका, लॅपटॉपच्या डिस्कवर करा, नंतर कॉपी. पेनड्राइव्ह मधेच दम टाकतात. हॉलचा आवाजही पकडायचा तर दोन माईक स्टेजच्या कडेला पब्लिककडे तोंड करून, १८-१९ वर. मेन स्पीकरला ते पाठवायचे नाहीत. टाळ्या नसल्या की रेकॉर्डिंग सरावाच्या खोलीतलं वाटतं.

चामडी_आणि_काठी
गाणी निवडण्याबद्दल कुणी बोललं नाही. २५ मिनिटं म्हणजे चार-चार मिनिटांची पाच गाणी, उरलेल्या पाचात ट्यूनिंग, बोलणं, टाळ्या. सहावं "वेळ मिळाला तर" म्हणून लिहायचंच नाही, कारण मग ते वाजवलंच जातं. ट्यूनिंग बदलणारी गाणी शेजारी शेजारी ठेवा.

तारा कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी बदला, त्याच दिवशी बदलल्या तर ताणत राहतात आणि उतरतात. उन्हातून आणलेली गिटार एसी हॉलमध्ये लगेच मिळवू नका. गरम तार सैल असते, गार झाली की स्वर चढतो. केस उघडून विंगेत अर्धा तास राहू द्या, मग मिळवा. अॅक्टिव्ह बेसची वायर वाजवून झाल्यावर काढून ठेवा, जॅकमध्ये राहिली की आतली नऊ व्होल्टची बॅटरी जळत राहते.

टेप_घेऊन_फिरणारा
मराठी शब्द कळत नाहीत अशी तक्रार दर कार्यक्रमात येते. यावर काही?

फेडर_खाली
दोन बाजू आहेत. व्यंजनं कळतात ती दोन ते चार हजार हर्ट्झमध्ये, आणि डिस्टॉर्शन गिटारही तिथंच ओरडते. दोन्ही गिटारना अडीच हजारच्या आसपास तीन डेसिबल खाली घ्या, गायकाला वर करण्यापेक्षा हे बरं. दुसरी बाजू लिहिणाऱ्याची. दीर्घ अक्षर ठोक्यावर येऊ द्या. ऱ्हस्व अक्षरावर जोर देऊन ते ओढलं की "मन"चं "माना" होतं. ठोका चुकवून गायचं असेल तर ओळ छोटी ठेवा.

विजापूरवेस
भरपूर झालं. यातून स्टेज प्लॉट (स्टेजवर कोण कुठे त्याचा नकाशा) आणि चॅनेल यादी एका पानावर करून पाचही बँडना पाठवतो, आठ दिवस आधी. उत्तर आलं नाही तर त्यांना सोळा चॅनेलचा ठरलेला पॅच.

स्टेजवर मदतीला दोन पोरं लागतील. टेप कुठली घ्यायची?

टेप_घेऊन_फिरणारा
कापडी. चार रंग, रुंदी एक इंच, आणि वायर दाबायला काळी दोन इंची. खोक्याला लावतात ती चॉकलेटी टेप नको, ती पॉलिशसकट निघते आणि सभागृहवाला अनामत कापतो.

चामडी_आणि_काठी
आणि पाचवा रंग? बँड पाच आहेत बे.

टेप_घेऊन_फिरणारा
पाचव्याला पांढरी मेडिकल टेप. पेनने त्यावर नावही लिहिता येतं.